हैबतीच्या खुणेचा गोळा

"तोफ वाजली की लगेच ओवी धर," आबा म्हणाले. "दळताना म्हणतीस तश्शीच. घाई करू नगंस."

घोडजाई गडाच्या तटाला पाठ लावून आम्ही बापलेकी उकिडवे बसलो होतो. खालच्या पठारावर फिरंग्यांची छावणी पडली होती. तिथून त्यांची गरनाळ, म्हणजे आखूड नळीची तोफ, धडाडली आणि मी ओवी धरली.

दळण सरता सरता, उजेड आला दारात,
माझ्या राजाची पावलं, वाजली गं उंबऱ्यात.

'उंबऱ्यात' म्हणायला आणि तळ्यावर गोळा फुटायला एकच गाठ पडली. तो ना पाण्यात पडला, ना मातीत रुतला. माणसाच्या डोक्यावर हातभर उंचीवर फुटला आणि लोखंडाचे तुकडे तळ्याच्या पायऱ्यांवर सांडले. तिथे बांधलेली म्हैस आडवी झाली.

"पुन्यांदा," आबा म्हणाले.

पुन्हा गरनाळ वाजली, पुन्हा मी म्हटलं आणि पुन्हा त्याच शब्दावर गोळा फुटला. आबांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"ह्यो हैबती हाय," ते म्हणाले.

माझे वडील सुभानजी हे घोडजाईचे गोलंदाज. त्यातही त्यांचं नाव होतं ते कुलपी गोळ्यांसाठी. कुलपी गोळा म्हणजे आतून पोकळ असलेला लोखंडी गोळा. पोटात दारू भरायची आणि तोंडात लाकडाची खुंटी ठोकायची. ही खुंटीही आरपार पोकळ. तिच्यात सावकाश जळणारं मिश्रण ठासून भरलेलं असतं. तोफेला बत्ती दिली की आतला जाळ गोळ्याच्या कडेकडेने पुढे येतो आणि खुंटीचं तोंड पेटवतो. मग गोळा आकाशात आणि खुंटी जळते आहे. जळत जळत आग तळाशी पोचली की पोटातली दारू भडकते. खुंटी लांब राहिली तर गोळा मातीत घुसतो आणि नुसती धूळ उडवतो. आखूड झाली तर वाटेतच फुटून कावळे उडवतो. सगळी करामत त्या खुंटीच्या लांबीत. तोफ काय, कुणीही डागतो.

दुसरे गोलंदाज अंदाजाने खुंट्या कापत. आबा आईच्या ओवीवर कापायचे. आई जात्यावर बसायची, अंगणात आबा एक खुंटी पेटवायचे आणि ओवी संपेल तिथे आग कुठवर आली ते बघायचे. मिश्रणाची प्रत्येक घाणी, म्हणजे एका वेळी घोटलेला साठा, वेगळी जळते, त्यामुळे दर घाणीला आईला नव्याने ओवी म्हणावी लागे. आई गेल्यावर माझी थोरली बहीण साळू, म्हणजे आक्का, म्हणू लागली. आमच्या घरात ओवीला तोफखान्याची नोकरी होती असं आबा थट्टेने म्हणत.

हैबती हा आबांचा चेला आणि आक्काचा नवरा. हात सोन्याचा, पण खोड एक. बत्ती देणाऱ्याला हात केला रे केला की हा धावत मोर्चावर, म्हणजे तोफेपुढच्या मातीच्या आडोशावर, चढायचा आणि आपला गोळा कुठे फुटतो ते तोफेच्या तोंडापुढे उभा राहून बघायचा. आबांनी शंभरदा बजावलं. शेवटी एकदा सगळ्या तोफखान्यादेखत त्याच्या कानाखाली वाजवली. हैबती हसला, गाल चोळला आणि पुढच्या आठवड्यात आक्काला घेऊन फिरंग्यांकडे चाकरीला गेला. तिकडे लगेच जमादार झाला.

"आबा," मी विचारलं, "दर घाणीला ओवी लागती. मग तिकडं ओवी कोन म्हणतंय?"

आबांनी मुंडासं पुन्हा डोक्याला बांधलं.

गडावर पिण्याचं पाणी फक्त त्या तळ्यात. दिवसभर गोळे तिथेच फुटत होते, बाया घागरी घेऊन आडोशाला ताटकळत होत्या, पोरं ओल्या फडक्यांची टोकं चोखत होती. अशात चोरवाटेने एक कोळी वर आला. त्याने कमरेतून हिरवी बांगडी काढून आबांच्या हातावर ठेवली.

"साळूबाईनं धाडलंय," तो म्हणाला. "सांजंला तोफा गार करत्यात. पानी तवा भरा म्हनली."

बांगडी आक्काचीच होती. तिच्या पहिल्या मंगळागौरीला आबांनीच भरली होती ती. आबांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"माझी लेक हाय ती," म्हणाले. "बापाला इसरती व्हय?"

तरी सांजेला ते बायांना म्हणाले, "आधी म्या जातो. ठीक असलं तर हात करीन, मग या." एकच घागर घेऊन ते पायऱ्या उतरले. छावणी गप्प होती. त्यांनी घागर बुडवली, खांद्यावर घेतली आणि आमच्याकडे हात करायला वळले. तेवढ्यात गरनाळ वाजली.

माझ्या तोंडात ओवी आपोआप आली. थांबवायची होती, थांबली नाही. 'उंबऱ्यात' या शब्दाला आबा पडले.

मी आरडून ओरडून रडले. रडता रडता दोन माणसांना तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. त्यातलं एक माणूस माझी सख्खी बहीण होतं. त्या दिवशी मी ठरवलं की हैबतीला मारायचं. आक्का त्यामुळे रंडकी झाली तर होऊ दे. उलट झालीच पाहिजे.

ठरवणं सोपं. गडावर अडकलेल्या बाईने खालच्या छावणीतल्या जमादाराला मारायचं कसं? पण देवाने म्हणा, नाहीतर हैबतीच्या कुणा आळशी गोलंदाजाने म्हणा, माझी सोय केली. आबांना अग्नी देऊन आम्ही परतत होतो तेव्हा एक गोळा पागेमागच्या शेणखाईत येऊन पडला. लोक पांगले. कुणी कानावर हात ठेवले. गोळा फुटला नाही. बराच वेळ गेला तरी फुटला नाही. मी जाऊन शेण बाजूला केलं.

खुंटीवरची टोपी जागच्या जागी होती. दमट हवेने मिश्रण बिघडू नये म्हणून खुंटीच्या तोंडावर फडकं लावून मेणाने बंद करतात. डागण्याआधी ती टोपी सोलून काढायची असते. कुणीतरी विसरलं होतं, म्हणून खुंटीने आगच धरली नव्हती. आणि खुंटीच्या कडेला दोन उभ्या चिरा, मधून एक आडवी. हैबतीची खूण. आमच्याकडे प्रत्येक गोलंदाज आपल्या खुंटीवर आपली खूण कोरतो, म्हणजे कुणाची फसली, कुणाची साधली ते कळतं.

आबांचा एक नेम होता. सापडलेला गोळा, मग तो आपला का असेना, खुंटी उपटून आतलं पाहिल्याशिवाय डागायचा नाही. हैबतीला हे नेम तेव्हाही कंटाळवाणे वाटायचे. मी स्वतःशी म्हटलं, दुसऱ्याच्या खुणेचा गोळा तो तपासेल. स्वतःच्या खुणेवर मात्र त्याचा आंधळा विश्वास असणार.

गोळा मी आबांच्या खोपटात नेला. लोखंडाने ठिणगी पडते, म्हणून त्यांची तांब्याची सळई घेतली. टोपी काढली आणि खुंटीतलं सावकाश जळणारं मिश्रण थोडं थोडं कोरून बाहेर काढलं. मधेच थांबायची, पदराला घाम पुसायची आणि हैबतीचं नाव घेऊन पुन्हा कोरायला लागायची. मग त्या जागी रंजक भरली. रंजक म्हणजे तोफेच्या कानात, बत्तीच्या भोकात, घालायची पिठासारखी बारीक दारू. तिला जळायला पापणी लवायचाही वेळ लागत नाही. तोंडाशी तेवढं नखभर जुनं मिश्रण परत दाबलं, म्हणजे वरून पाहणाऱ्याला संशय नको आणि गोळाही तोफेच्या बाहेर पडून फुटावा. बाहेर पडल्या पडल्या. मोर्चाच्या मातीवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर. फडकं लावलं, मेण वितळवून वर ओतलं आणि गोळा होता तसा शेणात ठेवून आले.

किल्लेदाराने लवकरच गड खाली केला. तहात ठरलं की माणसं मोकळी आणि तोफा, दारू, गोळे सगळं फिरंग्यांचं. ते उचलायला हैबतीच वर आला. कमरेला नवी तलवार होती, मिशीला पीळ होता.

"भिवरे," मला पाहून तो म्हणाला. "मामा गेल्याचं कळलं. लई वंगाळ झालं. म्या सायबाला सांगत हुतो, तळ्यावर टाकू नगा म्हणून."

"व्हय दाजी," मी म्हटलं. "तुमी सांगितलंच असंल."

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात त्याच्या माणसांनी शेणखाईतून गोळा काढून आणला. खूण आणि टोपी बघताच हैबतीने गोलंदाजांच्या आईबापांचा उद्धार केला.

"टोपी न काढताच डागला, गाढवांनो! माजी येवढी घोटून केलेली खुंटी शेणात घातली." त्याने खूण अंगठ्याने पुसली. "धुवून गाडीत टाका. मोरकंडच्या गडाला उपेगी पडंल."

मग तो माझ्याकडे वळला.

"येकटी कुठं जानार तू? चल आमच्यासंगं. आक्काला सोबत हुईल." आणि आवाज खाली आणून म्हणाला, "येक ध्येनात ठेव. मामा पटकीनं गेलं म्हनून सांगितलंय तिला. गोळ्याचं काढू नगंस. तिला सोसायचं न्हाई."

मी त्याच्या बैलगाडीमागून चालले. गाडीत तो गोळा होता.

आक्का दूर ओढ्याकाठच्या बाजारबुणग्यांत राहत होती. मला बघताच धावत आली आणि गळ्यात पडून रडू लागली. मी काठीसारखी उभी राहिले.

"आबाला पटकी झाली व्हती का गं? लई हाल झालं का?"

हैबती लांब गेला होता. मला हे नाटक बघवेना.

"पटकी न्हाई," मी म्हटलं. "तुज्या ववीनं गेलं आबा. तुजी बांगडी बघून इस्वासानं तळ्यावर गेलं आन् 'उंबऱ्यात' म्हनताना गेलं. आता रड."

ती रडायची थांबली. स्वतःच्या मनगटाकडे पाहू लागली.

"बांगडी हरवली म्हनून म्या ओढा पालथा घातला," ती हळूच म्हणाली. "ह्यांनी ववी म्हन म्हनलं, म्या म्हनली. मला म्हनलं, रिकाम्या बुरजावर टाकतोय. बुरूज ढासळला की मामा निमूट खाली येत्याल, कुनाला खरचटायचं बी न्हाई."

"आसं का," मी म्हटलं.

मी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याच्या ताटात जेवणारी बाई दुसरं काय बोलणार? आक्का गेल्या साली वारली, म्हणून आज हे सांगते आहे. तिचं हे बोलणं मला खोटं वाटलं होतं हे तिच्या हयातीत मी तिला कळू दिलं नाही. पण तेव्हा वाटलं होतं, आणि पुरतं वाटलं होतं.

मोरकंडखाली छावणी पडली. फिरंग्यांच्या तयार खुंट्या नदी उतरताना भिजल्या होत्या, त्यामुळे आता सगळा भरवसा हैबतीवर. त्याने आक्काला तोफांच्या मागेच राहुटी दिली. ती टोप्यांचं काम करायची. प्रत्येक गोळा तिच्यासमोर यायचा, ती मेणात नख रुतवून बघायची, फट असेल तर शेगडीवर मेण पातळ करून बुजवायची आणि गोळा पुढे जायचा. हे काम मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर मी त्या शेणखाईतच कपाळ बडवून घेतलं असतं. माझा गोळा हैबतीकडे जाण्याआधी आक्काच्या हाताखालून जाणार होता.

सकाळी गोळे येऊ लागले. मी तिच्याजवळ फडकी कापत बसले होते. एक, दोन, आणखी काही गेले. मग तो आला. धुतलेला असला तरी शेणाचा हिरवट डाग खुंटीच्या मुळाशी राहिला होता.

आक्काने नख लावलं. नख लोण्यात जावं तसं आत गेलं.

तिने नख बाहेर काढलं, त्याकडे पाहिलं, मग गोळ्याकडे आणि मग माझ्याकडे. आम्ही दोघी एका आईच्या. तिच्यापासून लपवायचं म्हणजे आरशापासून लपवायचं. तिला सगळं कळलं आहे हे मला कळलं. आता ती ओरडेल, नवऱ्याला हाक मारेल आणि मला झाडाला टांगतील. मला मरायचं भय नव्हतं असं नाही, पण त्याहून मोठी आग या गोष्टीची होती की हैबती जगेल.

तिने हाक मारली नाही. माझ्याकडे पाठ केली, गोळा मांडीशी ओढला आणि शेगडीवरचं मेणाचं भांडं पुढे घेतलं. तिची कोपरं हलताना दिसत होती. ती टोपी उघडून आत बघत असणार, असं मला वाटलं. मी उठून पळावं म्हणून पाय जवळ घेतले, पण पळायचं कुठे?

तेवढ्यात हैबतीच आला.

"झालं का न्हाई? सायब घड्याळ बघतोय."

"ह्यो घ्या," आक्का म्हणाली. तिने तो गोळा पुढे ढकलला. "तुमचाच हाय. घोडजाईला न फुटल्याला. हितलं अंतरबी तेवढंच हाय न्हवं? पयला ह्योच टाका. शकून हुईल."

हैबती वाकला. खूण पाहून खूश झाला. मग सवयीने टोपीच्या मेणात अंगठ्याचं नख दाबलं.

नख रुतलं नाही. मेण दगडासारखं घट्ट होतं.

"वा!" तो म्हणाला. "कारभारीन हाय खरी गोलंदाजाची." त्याने गोळा आपल्या दोघा गोलंदाजांच्या हाती दिला. जाता जाता मागे वळून मला म्हणाला, "भिवरे, ववी धर गं आज. मामांची आठवन म्हनून. बघू तुजा गळा कसा चालतो."

"धरते दाजी," मी म्हटलं.

तो गेला. राहुटीचा पडदा वर बांधलेला होता, त्यामुळे समोर गरनाळ, तिच्यापुढे मातीचा मोर्चा आणि पलीकडे मोरकंडचा डोंगर असं सगळं दिसत होतं. गोलंदाजांनी दारू भरली, टोपी सोलली, गोळा तोफेत उतरवला. आक्काने हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या. फोडल्या नाहीत. काढून, पदरात गुंडाळून बाजूला ठेवल्या. मग मांडी घालून ताठ बसली.

हैबतीने बत्ती देणाऱ्याला हात केला आणि धावत मोर्चाच्या मातीवर चढला.

गरनाळ वाजली. "दळण," मी म्हटलं.

तेवढंच. पुढचा शब्द तोंडात होता तेव्हाच तोफेच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. धूर मोर्चावर पसरला. तोफेजवळचे दोघं भाजलेले हात झटकत ओरडत पळाले. धूर विरला तेव्हा मोर्चाच्या मातीवर उभं असं कुणीच नव्हतं. एक माणूस मातीवर पालथा पडला होता आणि त्याला उचलायला गेलेले लोक हात न लावताच मागे सरकले.

माझ्या अंगातून गार वारं गेलं. बरं वाटलं. आजही ते आठवून बरंच वाटतं.

छावणीत पळापळ सुरू झाली. लोक आमच्या राहुटीकडे यायला निघाले होते. आक्का जागची हलली नव्हती.

"तुज्या मेनात राळ न्हवती, भिवरे," ती समोर बघत म्हणाली. "नुसतं मेन वतलंस. ह्यो राळ घालून घट्ट करतो, इसरलीस. नख रुतलं असतं त्याचं, समदं वाया गेलं असतं."

"मग?"

"मग काय. राळ म्या घातली."

लोक राहुटीच्या दाराशी आले तसा तिने हंबरडा फोडला. "माज्या राजा, कसा रं गेलास!" म्हणून ती जमिनीवर डोकं आपटू लागली आणि बाया तिला धरू लागल्या. सगळी छावणी म्हणाली की जमादाराच्या बायकोने फार मनाला लावून घेतलं. आबा कसे गेले ते कळल्यापासून तिने तो हंबरडा पोटात दाबून ठेवला होता, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं.